डबा गार, गल्ली गरम

चि. खारूताईस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण नसती तर तुझ्या आईने एव्हाना आम्हा सगळ्यांना फोन करून आमच्याही तब्येती बिघडवल्या असत्या. वेळेवर जेवतेस ना? अहवाल लिहिता लिहिता बिस्किटांवर दिवस काढायची तुझी खोड गेली का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. (सगळं म्हणजे बहुतेक सगळं. उरलेल्यासाठीच हा कागद घेऊन बसलोय.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मी प्रस्तावना करतो न करतो तोच तुझ्या कॉलेजातलं कुणीतरी तुला हाक मारतं आणि माझी गोष्ट तशीच लटकत राहते. कागदाचं एक बरं असतं, तो समोरच्याला मध्येच तोडू देत नाही.

आता कामाचं. येत्या आठवड्यात तू नगरपालिकेच्या समितीपुढे तुझा तापमानाचा अहवाल मांडणार आणि त्यावरून दोन मोकळ्या जागांचं भवितव्य ठरणार, हे सगळ्या घराला पाठ आहे. एक जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जुना बस डेपो. दुसरी तुझ्या मावशीच्या घरामागची, तळ्याकाठची. पैसे एकाच बागेपुरते आहेत, म्हणून समितीने सरळ नियम केलाय: जो भाग जास्त तापतो त्याला झाडं आणि माती, आणि दुसऱ्याने सिमेंट ओतून घेऊन गाड्या उभ्या करून घ्यायच्या. ती बाग आपल्याकडे यावी म्हणून तुझ्या मामीने जिवाचं रान केलंय, हेही तुला ठाऊक आहे. या सगळ्याच्या मध्ये आमच्या गॅलरीत टांगलेला तुझा तो तापमान मोजणारा पांढरा डबा येतो, आणि त्या डब्याच्या बाबतीत माझ्याकडून काही तांत्रिक सुधारणा झाल्या आहेत. त्या तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून नीट कळाव्यात, इतकंच.

तू डबा टांगायला आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. तू स्टुलावर उभी, मी स्टूल धरलेलं, आणि तुझं व्याख्यान चालू. डांबर, सिमेंट आणि विटा दिवसभर ऊन पितात आणि सूर्य गेला की सावकाश ते बाहेर टाकत बसतात. माती आणि झाडं पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवतात. घरं उंच आणि गल्ली अरुंद असली की भिंतींची ऊब एकमेकींवरच आपटत राहते, तिला वर आकाश सापडत नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की शहर आणि बाहेरचं रान यांच्यातला फरक सगळ्यात मोठा, आणि ढग आले, वारा सुटला की तो फरक पुसला जातो. मी मान डोलावत होतो. (मान डोलावणं हा आमच्या धंद्याचा निम्मा भाग आहे. आपला फ्रिज का बंद पडला याची प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतःची थिअरी असते. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग प्लग नीट बसवायचा.) जाता जाता तू बजावलंस की डब्याला हात लावायचा नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेव, मी शेवटच्या आठवड्यापर्यंत डब्याला हात लावलेला नाही.

पहिले काही दिवस डब्यामुळे गल्लीला फार शिस्त लागली. लोकांना वाटलं कॅमेरा आहे. कोपऱ्यावर कचरा टाकणारे पिशवी हातात घेऊन डब्याकडे बघत परत घरी जायचे, आणि खालचा सायकलवाला रोज सकाळी केस विंचरून दुकान उघडायला लागला. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. चांगल्या कामात आपण आडवं कशाला यावं?

मग आकडे यायला लागले. तुझे डबे आपले आकडे आपोआप नगरपालिकेच्या पडद्यावर पाठवतात आणि ते कुणालाही फोनवर बघता येतात, ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही, पण त्या माणसाला बहीण नसावी, आणि असली तरी तिला नवरा नसावा. कारण दिवेलागण होते न होते तोच तुझे तळ्याकाठचे काका, म्हणजे आमचे दाजी, घरच्या ग्रुपवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी टाकायला लागले. आमची गल्ली त्यांच्या तळ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गरम. खाली एक ओळ, की आम्ही आत्ताच चादर अंगावर घेतली. एकदा तर चादरीचा फोटो. अगं, चादरीचा फोटो काय काढायचा? मी त्यांना चांगलं ओळखतो, हा माणूस विम्याच्या कचेरीत होता, दुसऱ्याचं नुकसान शांतपणे मोजणं हाच त्यांचा जन्माचा धंदा. (आता त्यात गंमत अशी की थंडीच्या बढाया मारून ते स्वतःच्या घरामागे गाड्यांचा तळ ओढवून घेत होते. पण माणूस चिडलेला असला की समोरच्याचं नुकसानसुद्धा त्याला दिसत नाही. मला दिसलं नाही.)

तू म्हणशील, मामा, गल्ली तापते तर तापते, त्यात तुझं काय गेलं? माझं सगळं गेलं, खारे. मी कोण? फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा. या गल्लीत गारवा कुणाला हवा असेल तर तो माझ्याच दुकानाची पायरी चढतो. आणि त्याच गल्लीचं नाव शहराच्या पडद्यावर लाल अक्षरांत? केस कापणाऱ्याने तर कहर केला. भर दुकानात, माझ्या निम्म्या गालावर फेस असताना, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता की गारव्याचे डॉक्टर राहतात तीच गल्ली तापाने फणफणली आहे. निम्म्या दाढीवर माणसाला उठून जाता येत नाही, नाहीतर मी गेलो असतो. त्या दिवशी घरी आलो तो ठरवूनच आलो.

डब्याला हात लावायचा नव्हता, मी लावला नाही. मी फक्त गॅलरीत एक ओलं पोतं वाळत घातलं. स्वतःच्या गॅलरीत पोतं वाळत घालायला कुणाची परवानगी लागत नाही. ते डब्याच्या अंगाशी आलं, ती गॅलरीच्या लांबीची चूक. दोन अंश खाली. दाजींची चादर तरी चालूच. मग मी मागून एक छोटा पंखा लावला. आणखी एक अंश. मग मात्र माझ्यातला कारागीर जागा झाला. दुकानात एका मोडीत आलेल्या लहान फ्रिजचा कॉम्प्रेसर पडून होता, ठणठणीत. त्याची गार होणारी कॉइल मी डब्यामागच्या भिंतीवर बसवली, वर पोतं, पुढे पंखा. मी तुला खरं सांगतो, इतकं सुबक काम मी गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. एकही जोड दिसत नव्हता. आता राहिला प्रश्न गरम बाजूचा. कारण इकडे गार करायचं तर तिकडे गरम होणारच, यातून कुणाची सुटका नाही. गरम बाजू गल्लीकडे काढली असती तर चार लोकांना दिसली असती. म्हणून ती मी आतल्या अंगाला वळवली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आमची गल्ली तळ्यापेक्षा गार. दाजी ग्रुपवर गप्प. त्या संध्याकाळी मी जेवलो कसा ते मला आठवत नाही, पण दोनदा वाढून घेतलं. केस कापणाऱ्याकडे मी केस नसताना जाऊन बसलो.

तुझी मामी त्या स्वयंपाकघरात उभी राहत होती. दूध तापवायच्या आधीच तापायचं, साखर घामेजून डब्याला चिकटायची, आणि ती कपाळ पुसत खिडकी उघडायची तर बाहेरून आतल्यापेक्षा गरम झोत. दोन दिवस तिने काही म्हटलं नाही. (ती काही म्हणत नाही तेव्हा मी जास्त सांभाळून असायला हवं, पण मी आकड्यांत होतो.) तिसऱ्या दिवशी ती हातात उलथनं घेऊन गॅलरीत आली, माझं काम वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आजवर कुणाला गार केलंय असं वाटतं तुम्हाला? तुम्ही फक्त एकाच्या घरातला ताप दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकता." आणि परत आत गेली. मी तिला समजावलं की ही तत्त्वाची गोष्ट आहे. तिने दार लावून घेतलं. दार लावल्यावर तर स्वयंपाकघर आणखी तापत असणार, हे मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

मग वाऱ्याचा आठवडा आला. आभाळ भरलेलं, दिवसरात्र वारा, पाऊस मात्र नाही. तू सांगितलं होतंस तसंच झालं, साऱ्या शहराचे आकडे एका रांगेत येऊन बसले. तळं, बाजार, स्टेशन, रान, सगळीकडे सारखं. फक्त आमची गल्ली एकटी कुठल्यातरी डोंगरमाथ्यावर असल्यासारखी खाली. तेव्हा तू फोन करून विचारलंस की मामा, डब्याला काही झालंय का. मी म्हटलं, झालं असलं तर सर्दी झाली असेल. तू हसली नाहीस. मला त्याच वेळी कळायला हवं होतं, पण मी तेव्हा वर चढलेला होतो आणि वर चढलेल्या माणसाला फोनवरचं मौन ऐकू येत नाही.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे साहेब आले. बागा आणि वाहनतळ या दोन्हींचं खातं एकाच साहेबांकडे आहे, त्यामुळे त्यांचा चेहरा नेहमी अर्धा आनंदी असतो. त्यांनी पडद्यावर आमची गल्ली पाहिली होती. भर बाजारातली, एक झाड नसलेली, खालपासून वरपर्यंत सिमेंटची गल्ली शहरात सगळ्यात गार कशी, हे समजून घ्यायला ते आले होते. सोबत दोन मदतनीस आणि फोटो काढणारा. खारे, अशा वेळी माणसाने गप्प बसावं हे मला आज कळतं. पण साहेबांनी मलाच विचारलं, मला खुर्ची दिली, आणि गल्ली ऐकायला उभी होती. मी त्यांना सांगितलं की या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात मी स्वतःच्या हाताने एसी बसवलेला आहे. वर बघा, प्रत्येक खिडकीखाली एक आउटडोअर. इतकी थंडी जिथे तयार होते ती गल्ली गार राहणार नाही तर काय होईल? साहेबांनी मान डोलावली आणि सगळं लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या डोक्यावर ते सगळे आउटडोअर धापा टाकत गल्लीत गरम वारा ओतत होते, टाळ्या वाजवणाऱ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते, आणि कुणाच्याही, विशेषतः माझ्या, डोक्यात काही आलं नाही. मी चाळीस वर्षं त्याच आउटडोअरसमोर हात धरून 'हवा गरम येतेय, म्हणजे मशीन ठीक आहे' असं गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

चार दिवसांत डेपोच्या जागेवर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि चुन्याच्या रेघा पडल्या. गाड्या उभ्या करायच्या चौकटी. समितीचा निर्णय व्हायचाय, ही फक्त आखणी आहे, असं रेघा मारणाऱ्याने सांगितलं. पण रेघा फार सरळ होत्या.

आता त्या जागेचं तुला सांगायला हवं, कारण तू तिथे दुपारी आली होतीस आणि ती बघायची ती संध्याकाळी. बसगाड्या गेल्यापासून तिथलं डांबर फुटलंय आणि भेगांतून गवत, रानटी झुडपं, एक-दोन पोरसवदा झाडं वर आली आहेत. कुणी लावली नाहीत. तुझी मामी संध्याकाळी तिथे जाऊन बसते, कारण तिथे तिला श्वास घेता येतो. गेल्या वर्षापासून तिला उकाड्यात दम लागतो, जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावं लागतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर सांगितलं की यांना गार, मोकळी हवा मिळायला हवी. मी एसी लावू का म्हटलं, तर तिला बंद खोलीत आणखी कोंडल्यासारखं होतं. (एसीवाल्याच्या बायकोला एसी सोसत नाही, ही गोष्ट मी धंद्यात कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस.) म्हणून ती बाग. म्हणून ती घरोघर जाऊन बायकांना गोळा करते, सह्या घेते, साहेबांच्या कचेरीत बाकावर बसून राहते. हौस म्हणून नाही, तिला तिथे बरं वाटतं म्हणून. हे मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी डबा गार करत बसलो होतो.

वारा थांबला, आभाळ लख्ख झालं आणि उकाडा असा काही बसला की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. एका पहाटे मला जाग आली तर ती शेजारी नाही. खाली दुकानात गेलो. एका गिऱ्हाइकाचा मोठा फ्रिज दुरुस्त करून ठेवला होता, त्याचं दार सताड उघडं, आतला दिवा लागलेला, आणि ती जमिनीवर बसून खालच्या कप्प्यावर गाल टेकवून झोपली होती. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट मागच्या बाजूने तापते, हे मी रोज कुणाला ना कुणाला हसत हसत सांगतो. तेव्हा सांगवलं नाही. मी फ्रिजमागे हात घातला, मागची जाळी चटका बसेल इतकी तापली होती, आणि तिचा श्वास असा चालू होता की प्रत्येक श्वासाला तिचा खांदा वर जात होता. मला भीती वाटली, खारे. साधी, सरळ भीती. ही माझी बायको आणि मी तिला कुठल्या आकड्यासाठी भाजत होतो? मी वर गेलो, कॉम्प्रेसर काढला, पोतं काढलं, पंखा काढला आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग तिला उठवून चहा दिला.

पण मी हातपाय गाळून बसणारा माणूस नाही, हे तू जाणतेस. मी शांतपणे विचार केला. डब्याने इतके आठवडे गल्ली आहे त्यापेक्षा गार दाखवली. आता उरलेल्या दिवसांत ती तितकीच जास्त गरम दाखवली तर सरासरी बरोबर जागेवर येईल. हिशोब चोख होता. मी डबा खुंटीवरून उतरवला (हाच तो हात, जो मी वर कबूल केलाय) आणि शेजारच्यांच्या आउटडोअरच्या तोंडासमोर, त्या गरम झोतात, तारेने पक्का बांधला. दुपारी ऊन त्याच्यावर थेट येईल याचीही काळजी घेतली.

सूर्य मावळायच्या सुमाराला अग्निशमन दलाची गाडी आली. झालं असं की पडद्यावर आमच्या गल्लीचा आकडा इतका वर गेला की नगरपालिकेतल्या कुणालातरी वाटलं, आग लागली. चार धिप्पाड जवान पाइप घेऊन जिना चढले आणि माझ्या गॅलरीत त्यांना काय सापडलं, तर तारेने बांधलेला डबा, पाना हातात घेतलेला मी, आणि शेजाऱ्यांचा एसी. मी त्यांना सांगितलं की ही चाचणी आहे. त्यांच्या प्रमुखांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. आलोच आहोत आणि टाकीही भरलेली आहे, तर निदान तापलेली गल्ली तरी भिजवून जाऊ, असं म्हणून त्यांनी खाली पाइप सोडला. भिंती, डांबर, पायऱ्या, सगळं वाफाळलं आणि मग हळूहळू, कुणाला खरं वाटणार नाही अशी गार हवा सुटली. लोक खुर्च्या घेऊन बाहेर आले. पोरं पाण्यात नाचली. तुझी मामी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, पाय ओल्या फरशीवर सोडून, मोकळं हसत होती. एका टाकीत इतकं झालं. मग मातीची, झाडांची अख्खी जागा तिथे रोज संध्याकाळी असली तर काय होईल, हे कळायला मला कुणाच्या व्याख्यानाची गरज उरली नाही. (तुझं व्याख्यान चांगलंच होतं, तो प्रश्न नाही.)

तर परिस्थिती एकंदरीत ताब्यात आहे. आधीचे आठवडे गार, नंतरचे दिवस गरम, मध्ये एका संध्याकाळी अग्निशमन दल. तू सरासरी काढलीस की खरं तापमान येईल, मी स्वतः काढून पाहिली आहे. आकड्यांची चिंता करू नकोस, जेवणाची कर. तुझ्या आईला नमस्कार सांग आणि दाजी भेटले तर चादर कशी आहे विचार.

तुझा,
मामा

ता. क. डबा या पार्सलात परत पाठवतोय. तो चालू आहे. एका बाजूला थोडा वितळलाय, पण तो दिसण्यापुरताच.

ता. क. २. वर लिहिलेली सरासरी घेऊ नकोस. मी ती पुन्हा काढली, वेगळी आली. तिसऱ्यांदा काढली, तर त्याहून वेगळी. त्या डब्याचे सगळे आकडे खोटे आहेत, खारे, पहिल्या पोत्यापासून शेवटच्या तारेपर्यंत. आणि समितीचा नियम असा की ज्या भागाचे खरे आकडे नाहीत तो भाग बागेच्या विचारातून बाहेर. म्हणजे माझ्यामुळे ती जागा गेली. म्हणून एक विनंती, आणि खरं सांगायचं तर हे सगळं पत्र या एका विनंतीसाठी आहे. तू अहवाल मांडायच्या आधी मला पाच मिनिटं बोलायला मिळवून दे. मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की डबा मी गार केला, साहेबांना जे सांगितलं ते उलटं होतं, आणि ही गल्ली इतकी तापते त्यात माझ्या हाताने बसवलेल्या प्रत्येक मशीनचा वाटा आहे. मग त्यांनी पुन्हा डबा टांगावा, कुणा दुसऱ्याकडे, आणि तोवर निर्णय थांबवावा. ते ऐकतील की नाही ठाऊक नाही. मी इतक्या लोकांसमोर याआधी कधी खरं बोललेलो नाही, म्हणजे खोटंच बोलतो असं नाही, पण असं उभं राहून कधी नाही. बोलताना तू माझ्या शेजारी उभी राहा.

ता. क. ३. मामीला यातलं काही सांगू नकोस. तिला अजून वाटतंय की सगळं सुरळीत आहे.

खारू, मी मामी. पाकीट मलाच चिकटवायला दिलंय म्हणून आधी वाचून घेतलं. यांनी गॅलरीत पहिलं पोतं टांगलं त्याच दिवशी मी तुझ्या आईला फोन केला होता. तिने तुझ्या कपाटातला जादा डबा तुला न विचारता मला आणून दिला. तिच्यावर रागावू नकोस. तो तेव्हापासून समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टर बाईंच्या गॅलरीत आहे, तितक्याच उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून. त्याला कुणी हात लावलेला नाही, मी रोज बघत होते. तोही या पार्सलात आहे, निळ्या कागदात. तो पडद्याला जोडलेला नाही, पण त्याच्या पोटात त्या सगळ्या दिवसांचे आकडे आहेत. आमची गल्ली जशी आहे तशी त्यात दिसेल. जागेचं आता तू बघ, मला तुझी काळजी वाटत नाही.

फक्त एक कर. निळ्या कागदाचं यांना सभा संपेपर्यंत कळू देऊ नकोस. त्यांना उभं राहून बोलू दे. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी एकदाही ऐकलेलं नाही. पाच मिनिटं कमी पडतील, दहा माग. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.